अवजारबाईंच्या सासूबाई

सासूबाईंना सुनेचं कौतुक होतं, पण बावीस वर्षांत ते त्यांनी तिच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. सुनेची तोंडावर स्तुती केली की ती डोक्यावर बसते, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांचं एखादं मत बदलायला साधारण एक पिढी जावी लागे. माघारी मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप नसायचं. दवाखान्याच्या रांगेत, बसच्या थांब्यावर, दातांच्या डॉक्टरकडे अर्धं तोंड बधिर असतानासुद्धा त्या शेजारच्या अनोळखी बाईला गाठायच्या. "अवजारबाई माहीत आहेत ना? माझी सून ती." समोरची "हो का!" म्हणाली की सासूबाईंची पाठ ताठ व्हायची, आणि माहीत नाही म्हणाली तर त्या बाईचा नंबर येईपर्यंत तिची सुटका नसायची.

सून लग्न होऊन आली तेव्हा एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर काम करत होती. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, पाने, करवती. तिथे तिला एक दृश्य रोज दिसायचं. एखादा माणूस आत यायचा, ड्रिल मशीन उचलून हातात तोलायचा, बटण दाबल्यासारखं करायचा, पुन्हा जागच्या जागी ठेवायचा आणि पाच-सहा खिळे घेऊन चालता व्हायचा. आठ दिवसांनी तोच माणूस, तेच मशीन, तेच खिळे. काम येत होतं, हात चालत होता, फक्त हातात धरायला काही नव्हतं. म्हणून तो दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर, दुसऱ्याच्या नावाने, अर्ध्या मजुरीत राबायचा. हे पाहून बाकीचे हळहळले असते. सुनेला राग यायचा. तिच्या सगळ्या चांगल्या कामांच्या मुळाशी राग होता, हे सासूबाईंनी फार लवकर ओळखलं होतं.

त्या रागातून अवजारघर उभं राहिलं. एका छापखान्याच्या मागे सायकली ठेवायची जुनी शेड होती, तिथे. कसब असलेल्या कुणीही यावं, लागेल ते अवजार न्यावं, त्यावर काम करावं, आणि स्वतःचं घेण्याइतकं जमलं की नेलेलं परत आणून द्यावं. बस, एवढंच. भाडं नाही, अनामत नाही, फॉर्म नाही. सुरुवातीला एका मांडणीवर मावणारी अवजारं हळूहळू छताला टेकली. शिलाई मशिनं, शिड्या, फरशी कापायचं यंत्र, केस कापायच्या कात्र्यांचे संच, सायकल दुरुस्तीच्या पेट्या, हातगाड्या, खिडक्या धुणाऱ्यांचे दोर आणि पट्टे. रविवारी तिथे दुरुस्ती शिकवली जायची. आणखी पाच गावांतली माणसं येऊन बघून गेली होती, आणि त्या पाचही गावांत आता अशीच शेड होती. हे सगळं उभं करणारी बाई अजून सकाळी दहा ते दुपारी चार हार्डवेअरच्या काउंटरवर उभी असायची, कारण घर त्यावर चालत होतं.

अवजारघराचे नियम सुनेने केलेले. अवजार बाहेर जाताना धार लावून, तेल घालून जायचं. बोथट करवत गरिबाला द्यायची म्हणजे त्याची थट्टा करायची, असं ती म्हणायची. दुसरा नियम, नेणाऱ्याला "का" म्हणून विचारायचं नाही. आणि तिसरा नियम सगळ्यांत विचित्र. माणूस अवजार परत करून गेला की नंतर रस्त्यात भेटला तरी आपण होऊन ओळख द्यायची नाही. त्याने दिली तर द्यायची.

ह्या तिसऱ्या नियमाने सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाजारात कितीतरी माणसं समोरून जायची. कुणी आता दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय चालवत होता, कुणी बाई आठ जणींना हाताशी घेऊन फरश्या बसवत होती. सून त्यांच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं करून भाजी निवडत राहायची.

"अगं, तो बघ तो. आपल्या मोठ्या पान्यावर धंद्यात उभा राहिला तो," सासूबाई कोपर मारून कुजबुजायच्या.

"आई, टोमॅटो बघा. मऊ आहेत का?"

"त्याने निदान मान तरी हलवावी."

"कशाला? बरोबर बायको आहे त्याची. तिला माहीत नसेल तर?"

हा नियम कुठून आला हे सुनेने एकदाच सांगितलं होतं, तेही विचारल्यावर. ती शाळेत असताना एका संस्थेने तिला दप्तर दिलं होतं. दिलं म्हणजे स्टेजवर बोलावून, टाळ्या वाजवून, फोटो काढून. तो फोटो शाळेच्या व्हरांड्यात वर्षभर लटकत होता, आणि वर्षभर तिचं नाव "दप्तरवाली" होतं. दप्तर चांगलं होतं, पुढे बरीच वर्षं टिकलं असतं. तिने ते महिन्याभरात घरी ठेवून दिलं आणि पुस्तकं हातात घेऊन जायला लागली.

त्यामुळे अवजारघराच्या वहीत एकाही माणसाचं नाव नव्हतं. वही होती, जाडजूड होती, पण ती अवजारांची होती. प्रत्येक अवजाराला एक पान आणि एक टोपणनाव. रडकं ड्रिल, थोरली शिडी, धाकटी शिडी, लंगडी हातगाडी. रडक्या ड्रिलच्या पानावर लिहिलेलं असायचं: गेलं. आलं, वायर बदलली. गेलं. आलं, ठीक. गेलं. एखाद्या कुटुंबाच्या डॉक्टरला जशी घरातल्या प्रत्येकाची दुखणी पाठ असतात तशी सुनेला ही पानं पाठ होती. बावीस वर्षांत अकरा अवजारं परत आली नव्हती. त्यांच्या पानांवर शेवटचा शब्द "गेलं" असा होता आणि पुढची ओळ मोकळी ठेवलेली. चोरीला गेली असं का लिहीत नाहीस, असं सासूबाईंच्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्या अकरा जणांचं अजून पुरतं जमलं नसेल."

सासूबाई त्या शेडमध्ये रोज जायच्या. मागच्या कोपऱ्यात, मांडणीच्या आड, एका स्टुलावर बसून परत आलेली अवजारं फडक्याने पुसायच्या आणि तेल लावायच्या. पुढे दारापाशी ये-जा असायची, गप्पा असायच्या, उजेडही तिकडेच जास्त. पण त्यांना कोपराच आवडायचा. डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणायच्या.

त्या वर्षी छापखान्याचे मालक वारले आणि त्यांच्या मुलांनी जागा विकायला काढली. दोन महिन्यांत शेड रिकामी करून द्या, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. नम्रपणे सांगितलेल्या गोष्टीवर भांडताही येत नाही. थोरली शिडी कुणाच्या घरात उभी राहणार होती? शिलाई मशिनं जिन्याखाली मावली असती एक किंवा दोन. सुनेने पंधरा ठिकाणी जागा पाहिली. कुठे शिड्या बसत नव्हत्या, कुठे माणसं. रात्रीच्या जेवणाला ती हल्ली काही बोलायची नाही, आणि ती गप्प बसली की घर कसं ओसाड वाटायचं.

तेवढ्यात मुलाला वर्तमानपत्रात एक निवेदन दिसलं. गरिबी दूर करायला झटणाऱ्या एका संस्थेचा नगरपालिका सन्मान करणार होती, आणि सन्मानासोबत जुन्या अग्निशमन केंद्राची इमारत वीस वर्षं वापरायला देणार होती. आगीचे बंब जिथे उभे राहायचे ती जागा. दरवाजे दोन मजले उंच, भिंतीवर शिड्या टांगायचे लोखंडी हूक आधीपासून ठोकलेले. मुलगा आणि सून संध्याकाळी जाऊन बाहेरून बघून आले. परत आल्यावर सुनेने आपणहून दोनदा चहा केला, आणि सासूबाईंनी ओळखलं की ही त्या दरवाज्यांच्या प्रेमात पडली.

अर्ज तिनेच भरला. दुपारी दुकानात, गिऱ्हाईक नसताना, काउंटरवर. आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा मुलाने ते वाचलं, मग अर्जाची प्रत मागितली, आणि प्रत बघून कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, 'एकूण लाभार्थी' इथे दोनशे सोळा काय लिहिलंस?"

"तेवढीच आहेत. काल मोजली."

"काय मोजलं?"

"अवजारं."

"लाभार्थी म्हणजे माणसं! अवजारांना कसला लाभ?"

सून खरोखरच गोंधळली. "त्यांना धार लावतो, तेल घालतो, दांडे बदलतो. मला वाटलं आपण सांभाळतो ती किती, असं विचारलंय. माणसांना काय लाभ? ती आपली आपली कामं करतात."

एरवी सासूबाई हसून हसून लोळल्या असत्या. पण पत्र हसण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षांत फक्त दोनशे सोळा लाभार्थी दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. इतर अर्जदारांचे आकडे हजारांत आहेत. तरी समितीसमोर येऊन खुलासा करावा. लाभार्थ्यांची नावानिशी यादी आणावी, आणि किमान पाच लाभार्थ्यांना प्रत्यक्ष हजर ठेवून त्यांचे अनुभव सांगायला लावावेत.

"आकडा सुधारून सांगेन," सून म्हणाली. "यादी नाही. आणि माणसं नेणार नाही."

"पाच तर हवीत," मुलगा म्हणाला. "इतक्या जणांत पाच नाही मिळणार?"

"मिळतील. विचारलं तर पन्नास येतील, नाही कसं म्हणतील बिचारे? म्हणूनच विचारायचं नाही."

"मग बंबाची जागा गेली म्हणून समज."

"समजते," सून म्हणाली, आणि ताटं गोळा करायला लागली. तिचा आवाज अगदी साधा होता. पण ताटं घेऊन जाताना ती दाराच्या चौकटीला धडकली. बावीस वर्षांत ती त्या चौकटीला कधी धडकली नव्हती.

सासूबाईंनी मनाशी ठरवलं. नियम सुनेचा होता, त्यांचा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कुणाला न सांगता निघाल्या आणि थेट नळवाल्याच्या दुकानात गेल्या. मोठ्या पान्यावर उभा राहिला तोच हा. आता त्याची तीन दुकानं होती आणि काचेच्या कपाटात चकचकीत नळ ओळीने मांडलेले होते. चौथ्या इयत्तेतल्या मुलासारखी मान खाली घालून तो एकदा शेडच्या दारात उभा होता, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. येईल हा, आणि चांगला बोलेलही, अशी त्यांची खात्री होती.

दुकानात गर्दी होती. नळवाला एका सुटाबुटातल्या माणसाला काहीतरी समजावत होता, आणि शेजारी त्याची तरुण मुलगी पाहुण्यांना खुर्च्या देत होती. बोलण्यावरून कळलं की ते तिचे होणारे सासरे. नळवाल्याने वर पाहिलं, त्याला सासूबाई दिसल्या, आणि क्षणभरात त्याचा चेहरा उतरला. त्यात राग नव्हता, आढ्यता नव्हती. नुसती भीती होती. ही म्हातारी आता तोंड उघडणार.

"काय हवं होतं, आजी?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "वॉशर," त्या म्हणाल्या. "मोरीच्या नळाचा. ठिबकतोय."

त्याने वॉशर कागदात गुंडाळून दिला आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आला. एवढ्याशा वॉशरसाठी दुकानदार दारापर्यंत येत नाही. घरचा एकही नळ ठिबकत नव्हता.

परतताना त्या बागेतल्या बाकावर बराच वेळ बसून राहिल्या. त्यांना नळवाल्याचा राग आला नव्हता, कारण ती भीती त्यांच्या चांगली ओळखीची होती. बावीस वर्षं ती त्यांच्याच घरात राहत होती.

अवजारघराची सुरुवात एका इस्त्रीपासून झाली, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. सासूबाईच सांगायच्या ना. "मी माझी इस्त्री दिली हिला, म्हटलं दे कुणाला तरी, तिथून हे सगळं सुरू झालं." गोष्ट छान होती. फक्त उलटी होती. त्या ज्या मोठ्या लाँड्रीत पंचवीस वर्षं इस्त्री करायच्या ती बंद पडली, त्याच सुमारास कारखान्यात मुलाचा हात यंत्रात सापडला आणि तो सहा महिने घरी बसला. नव्या सुनेच्या एकटीच्या पगारावर तीन तोंडं. सासूबाईंनी जेवताना "भूक नाही" म्हणायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी सुनेने दुकानातून एक वजनदार जुनी इस्त्री मालकाकडून मागून आणली, टेबलावर ठेवली, आणि म्हणाली, "ही वापरायला आणलीय. तुमची स्वतःची झाली की परत देऊ." का, कशाला, काही नाही. सासूबाई लांबच्या गल्लीतून कपडे आणायच्या, म्हणजे ओळखीचं कुणी बघू नये. आठ महिन्यांनी त्यांनी स्वतःची इस्त्री घेतली. जुनी परत करायला गेल्या तर मालक म्हणाला राहू दे, आणि सुनेने ती दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या विधवा बाईला नेऊन दिली. तेव्हा त्या बाईसमोर सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझीच आहे, दिली हिला." आणि एकदा निघालेलं वाक्य मग त्यांनी मागे घेतलं नाही. सून शेजारी उभी होती. तिने ऐकलं, आणि इस्त्रीची वायर गुंडाळत राहिली.

सुनावणीच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. मुलाने गुडघ्यांची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, गुडघे माझे आहेत.

नगरपालिकेत दुसऱ्या मजल्यावर लांब टेबलाचा हॉल होता. त्यांच्या आधीची संस्था बाहेर पडत होती. तीस-चाळीस माणसं, सगळ्यांच्या छातीवर एकाच रंगाचे बिल्ले, आणि पुढे एक माणूस त्यांना मोजत चाललेला. सून त्यांना वाट देऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. मग ती, मुलगा आणि सासूबाई आत गेले. तीन माणसं आणि एक वही.

समितीत तिघे होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या एका बाजूला एक डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला नगरपालिकेचे अधिकारी. सुनेने आकड्याचा खुलासा केला. डॉक्टरीणबाई ओठ दाबून हसल्या, पण त्यांनी वही मागून घेतली आणि रडक्या ड्रिलचं पान मन लावून वाचलं. "हे एकसष्ट वेळा बाहेर गेलंय," त्या वही परत देत म्हणाल्या.

"बासष्ट," सून म्हणाली. "काल गेलं. अजून लिहायचंय."

"पण कोण घेऊन गेलं?" अधिकारी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याला रकाने भरायचे होते. "गेलं, आलं, हे तुम्हीच लिहिलंय. एक नाव नाही, एक सही नाही. उद्या कुणी म्हणालं की हे सगळं घरी बसून लिहिलं, तर आम्ही काय दाखवायचं? पाच जण आणा म्हटलं होतं."

"नाही आणले."

"आणता येत नाहीत, की आणायचे नाहीत?"

"आणायचे नाहीत. अडचणीत होता तेव्हा तो आमच्याकडे आला. आता त्याचं बरं चाललंय. आमच्या फायद्यासाठी त्याने पुन्हा इथे उभं राहून अडचणीतला का व्हायचं?"

"मग बाई, माझा नाइलाज आहे," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सासूबाई उभ्या राहिल्या. टेबलाला धरून राहिल्या.

"मला सांगायचंय."

"आपण कोण?"

"मी हिची सासू."

"नातेवाइकांचं मत आम्हाला धरता येत नाही, आजी."

"मत नाही सांगत," सासूबाई म्हणाल्या. "मी घेतलंय. पहिलं अवजार मी नेलं."

मुलाने चमकून आईकडे पाहिलं. सून खाली वहीकडे बघत होती. सासूबाईंनी सगळं सांगितलं. लाँड्री, मुलाचा हात, "भूक नाही" म्हणायचे ते चार दिवस, लांबच्या गल्लीतले कपडे. लाज वाटत होती. कान गरम झाले होते. पण इतकी वर्षं अनोळखी बायकांना सुनेच्या गोष्टी सांगून सांगून त्यांना बोलायचा सराव दांडगा होता.

"आणि अजून एक," त्या म्हणाल्या. "मी लोकांना उलटंच सांगत आले. इस्त्री मी दिली म्हणून. बावीस वर्षं. हिच्यासमोर सांगितलं, हिच्या शेजारी उभी राहून सांगितलं. हिने एकदाही मला खोटं पाडलं नाही. एकदा डोळा वर करून बघितलंसुद्धा नाही. साहेब, तुम्ही माणसं मोजताय, मोजा. पण असं झाकून ठेवणारं माणूस तुम्ही दुसरं पाहिलंय का, तेवढं सांगा."

अधिकारी सुनेकडे वळले.

"हे खरं आहे?"

"आम्ही कुणाचं सांगत नाही," सून म्हणाली.

"अहो, त्या स्वतःच सांगतायत. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"त्यांचं त्या सांगू शकतात. मी काही म्हणणार नाही."

"तुमच्याच फायद्याचं आहे बाई."

"असेल," सून म्हणाली. ती एवढंच बोलली, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वहीवर पडलं, थेट लंगड्या हातगाडीच्या पानावर, आणि तिने ते घाईघाईने तळहाताने पुसून शाई पसरवून ठेवली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं मी साक्षीदार पाहिले," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "फायद्याचं असूनही तोंड न उघडणारा हा पहिलाच. तुम्ही पेनाला टोपण लावा."

आठ दिवसांनी निकाल लागला. सन्मानाचा समारंभ नगरपालिकेच्या सभागृहात झाला, आणि सासूबाई पहिल्या रांगेत, बरोबर मध्यभागी, कुणाच्या तरी राखीव खुर्चीवर बसल्या. मानपत्र वाचलं गेलं. बावीस वर्षं, पाच गावं, दोनशे सोळा अवजारं, रविवारची शाळा. त्यात एक ओळ अशी होती: "लाभार्थ्यांची संख्या: संस्था सांगत नाही, आणि समितीला हे उत्तर मान्य आहे." ती ओळ वाचली गेली तेव्हा सभागृहात इथे तिथे, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, टाळ्या जरा जास्तच जोरात पडल्या. सासूबाईंनी वळून बघितलं नाही. ओळख द्यायची ज्याची त्याने.

सुनेला बोलायला सांगितलं तेव्हा ती माइकसमोर जाऊन म्हणाली, सोमवारपासून अवजारघर नव्या जागेत उघडेल, शिड्या नेणाऱ्यांनी मागच्या दाराने यावं. आणि खाली उतरली. सासूबाई टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी त्यांना सुनेच्या तोंडावर कौतुक करण्यात काही गैर वाटलं नाही. "चांगलं बोललीस," त्या म्हणाल्या. "थोडं मोठ्याने बोलायला हवं होतंस."

सोमवारी ते दोन मजली दरवाजे उघडले. थोरली शिडी भिंतीवरच्या हुकांवर चढली. सासूबाईंनी आपलं स्टूल उचललं. मुलगा म्हणाला, मागे कोपरा केलाय तुझ्यासाठी, सावलीचा. त्यांनी स्टूल दारात, भर उजेडात नेऊन ठेवलं.

साडेचारच्या सुमारास, सून दुकानातून आल्यावर, समोरच्या फुटपाथवर एक बाई दिसली. पन्नाशीची, हातात पिशवी. एकदा डावीकडे गेली, परत आली. एकदा दाराकडे बघून पुढे गेली, परत आली. शेवटी रस्ता ओलांडून सासूबाईंपाशी आली आणि म्हणाली, "पोस्ट ऑफिस कुठे आहे हो इथे?"

पोस्ट ऑफिस समोरच होतं, पाटी हातभर मोठी होती. सासूबाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं. अंगठ्याला आणि मधल्या बोटाला कात्रीचे घट्टे होते. शिवणारी बाई होती.

"सांगते," त्या म्हणाल्या. "बसा जरा. मी पहिल्यांदा अवजार नेलं तेव्हा मी पण कुणी बघू नये म्हणून लांबच्या गल्लीत फिरायची."

त्या बाईने पिशवी खाली ठेवली. "तुम्ही नेलं होतं? इथून?"

"सगळ्यांत आधी मीच," सासूबाई म्हणाल्या, आणि दवाखान्याच्या रांगेत व्हायची त्याहून त्यांची पाठ जास्त ताठ झाली. "जा आत. शिलाई मशिनं डाव्या हाताला. माझी सून बसलीय तिथे. ती तुम्हाला काही म्हणजे काही विचारणार नाही."